मुष्टियोद्धा केटी टेलर

तुम्ही जत्रेतल्या कुस्त्या पाहिल्या असतील. फडात जोड लावताना दोन्ही पैलवान तोलामोलाचे आहेत ना, हे जाणकार आधी पाहतात. लहानखुऱ्या पोराशी धिप्पाड पैलवानाची कुस्ती लावली, तर तो खेळच राहणार नाही. मुष्टियुद्धाचेही तसेच आहे. मुष्टियुद्ध म्हणजे बॉक्सिंग. या खेळात लढतीपूर्वी दोन्ही खेळाडूंची वजने करतात.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात डॅलस शहराच्या शेजारी अर्विंग नावाचे शहर आहे. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी तेथील एका मोठ्या रंगमंचावर वजनकाटा मांडला होता. समोर लोकांची दाटी होती. आयर्लंडची केटी टेलर काट्यावर उभी राहिली. पोर्टो रिको बेटावरची अमांडा सेरानो ही तिची प्रतिस्पर्धी. साडेत्रेसष्ट किलोग्रॅमच्या मर्यादेत दोघींचीही वजने बसली. दुसऱ्या दिवशी त्यांची लढत होती.

केटी तेव्हा ३८ वर्षांची होती. तिचे नाव जगभर पोहोचले होते. पण लहानपणी याच खेळात तिला आपले नाव लपवावे लागले होते! ते कसे, ते पाहू.

इंग्लंडच्या पश्चिमेला आयर्लंड हे बेट आहे. तेथील ब्रे या समुद्रकाठच्या गावी २ जुलै १९८६ रोजी केटीचा जन्म झाला. तिचे वडील पीट स्वतः मुष्टियोद्धे होते. ते मुलांना हा खेळ शिकवत. वडील आणि भाऊ सराव करत असताना केटी तेथेच असे. हळूहळू तिनेही हातमोजे चढवले. तिचे ठोसे जलद होते, पाय त्याहून जलद होते.

पण एक अडचण होती. त्या काळी आयर्लंडमध्ये मुलींच्या लढतींना परवानगीच नव्हती. मग केटीने एक युक्ती केली. ती केस शिरस्त्राणाखाली दडवी. नावनोंदणीत केटी न लिहिता नुसते 'के. टेलर' लिहिले जाई. समोरच्या मुलाला वाटे, हाही आपल्यासारखाच एक मुलगा. लढत संपली, शिरस्त्राण उतरले, की खरा प्रकार उघड होई. आपण एका मुलीकडून हरलो, हे कळल्यावर त्या मुलांचे चेहरे कसे होत असतील, याची कल्पना तुम्हीच करा.

अखेर नियम बदलला. ३१ ऑक्टोबर २००१ रोजी डब्लिन शहरात आयर्लंडमधील मुलींची पहिली अधिकृत लढत झाली. त्या लढतीत १५ वर्षांची केटी आपल्या पूर्ण नावाने रिंगणात उतरली आणि जिंकली.

येथून तिची हौशी कारकीर्द बहरली. हौशी खेळाडू क्लबसाठी किंवा देशासाठी खेळतात. त्यांच्या लढती तीन-चार फेऱ्यांच्या असतात. २००६ साली केटी आपल्या देशात, नवी दिल्लीला आली. तेथे महिलांची जागतिक स्पर्धा होती. ६० किलोग्रॅम वजनगटात केटीने सुवर्णपदक मिळवले. याच स्पर्धेत ४६ किलोग्रॅम गटाचे सुवर्णपदक आपल्या मणिपूरच्या मेरी कोम यांनी जिंकले. पुढे २००८, २०१०, २०१२ आणि २०१४ या साली केटी पुन्हा जगज्जेती झाली. मधल्या काळात ती आयर्लंडच्या महिला फुटबॉल संघातूनही खेळली.

एक दार मात्र अजून बंद होते. पुरुषांचे मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये १९०४ सालीच आले होते, पण महिलांना तेथे प्रवेश नव्हता. केटीसारख्या खेळाडूंनी आपल्या खेळाने दाखवून दिले, की महिलाही हा खेळ तितक्याच कौशल्याने खेळतात. २००९ साली निर्णय झाला आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला मुष्टियुद्धाचा समावेश झाला.

लंडनला अंतिम लढतीत केटीसमोर रशियाची सोफिया ओचिगावा होती. दुसऱ्या फेरीअखेर केटी एका गुणाने मागे पडली. पण ती गांगरली नाही. तिसऱ्या फेरीत तिने आघाडी घेतली आणि १० विरुद्ध ८ गुणांनी सुवर्णपदक पटकावले. त्याच ऑलिंपिकमध्ये मेरी कोम यांनी ५१ किलोग्रॅम गटात कांस्यपदक मिळवले.

यश नेहमीच हाताशी राहत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये केटी उपांत्यपूर्व फेरीतच हरली. आता ती तिशीला आली होती. ती खेळ सोडून देईल, असे कोणालाही वाटले असते. पण केटीने नवी वाट धरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती व्यावसायिक खेळाडू झाली.

व्यावसायिक खेळाडूंना लढतीचे मानधन मिळते. पण हा खेळ अधिक कठीण असतो. डोक्यावर शिरस्त्राण नसते. महिलांच्या किताबाच्या लढतीत दोन-दोन मिनिटांच्या दहा फेऱ्या असतात. दमसास टिकवावा लागतो. केटीने सारे पुन्हा नव्याने आत्मसात केले. २०१७ साली तिने पहिला जागतिक किताब जिंकला. २०१९ साली तिच्या वजनगटातील चारही मोठे जागतिक किताब तिच्याकडे आले. २०२२ साली न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिची आणि अमांडाची लढत झाली. तेथील कार्यक्रमात महिलांची लढत मुख्य असण्याची ती पहिलीच वेळ होती. केटी थोडक्यात जिंकली.

मे २०२३ मध्ये डब्लिनला, आपल्याच माणसांसमोर, इंग्लंडच्या शँटेल कॅमरनने केटीला हरवले. व्यावसायिक कारकिर्दीतला तो तिचा पहिला पराभव. केटीने सबबी सांगितल्या नाहीत, तिने पुन्हा सामना मागितला. सहाच महिन्यांनी, त्याच शहरात, त्याच शँटेलला तिने हरवले.

आणि आता पुन्हा अर्विंगकडे वळू. वजने झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी जवळच्याच आर्लिंग्टन शहरात लढत झाली. प्रेक्षागारात सुमारे ७२ हजार लोक होते. डोक्याला डोके आदळून अमांडाच्या भुवईला जखम झाली. रक्त वाहत असतानाही ती दहाव्या फेरीपर्यंत लढली. तिन्ही पंचांनी केटीला ९५ आणि अमांडाला ९४ गुण दिले. फक्त एका गुणाचा फरक! अमांडाच जिंकली, असे अनेक प्रेक्षकांना वाटले. म्हणून जुलै २०२५ मध्ये दोघी तिसऱ्यांदा भिडल्या. तेव्हाही केटीच विजयी ठरली.

'के. टेलर' या नावाआड लपलेली ती मुलगी आता कोणापासून लपत नाही. तिच्यानंतर रिंगणात येणाऱ्या मुलींनाही आपले केस आणि आपले नाव लपवावे लागत नाही.