छोट्या विमानाचा रेडिओ : पैसे कुठे घालावेत

परभणी आकाशवाणी 1305 किलोहर्ट्झवर लागते. जिंतूरकडच्या डोंगरातलं गाव असो की गोदाकाठचं गंगाखेड, साध्या ट्रान्झिस्टरवर ती ऐकू येते, कारण मध्यम लहरी जमिनीला धरून पसरतात. विमानातला रेडिओ नेमका उलटा वागतो. तो 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो आणि या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की आवाज गेला. ही एक गोष्ट पक्की समजली, तर विक्रेत्याची निम्मी बडबड आपोआप बाजूला पडते.

परभणी जिल्ह्यात विमानतळ नाही. समजा, दोन आसनी मायक्रोलाइट घेऊन आपण परभणीच्या आभाळात आहोत. सर्वांत जवळचा टॉवर नांदेडचा, सरळ रेषेत साधारण 58 किलोमीटरवर. त्याच्याशी बोलणं होईल का? हिशेब कागदाच्या चिटोऱ्यावर मांडता येतो. जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याला 4.1 ने गुणा. येईल तो पल्ला किलोमीटरमध्ये. 300 मीटरवर तो 71 किलोमीटर भरतो, म्हणजे नांदेड आवाक्यात. 100 मीटरवर जेमतेम 41, म्हणजे टॉवरचा अँटेना उंच खांबावर असला तरच थोडी आशा. लातूरचा विमानतळ सुमारे शंभर किलोमीटरवर, त्यासाठी 600 मीटर हवेत. शिवाय गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटची कड आडवी येते, तेव्हा आणखी थोडं वर गेलेलं बरं. छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा 160 किलोमीटर, तिथे दीड हजार मीटर.

या हिशेबात वॅट कुठेच आले नाहीत, हे ध्यानात आलं असेल. जाहिरातीत मात्र सगळ्यात मोठ्या अक्षरांत वॅटच असतात. दृष्टिरेषा मोकळी असेल तर पाच-सहा वॅटचा संच छोट्या विमानाला पुरतो. ती मोकळी नसेल तर सोळा वॅटही डोंगर फोडत नाहीत. पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती चौपट लागते; त्यापेक्षा दोनशे मीटर वर चढणं स्वस्त पडतं. म्हणून केवळ वॅटसाठी जादा पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

विमानाचा रेडिओ आजही आपल्या मध्यम लहरींच्या आकाशवाणीसारखा एएम पद्धतीचाच आहे. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, मग जुन्यालाच का धरून बसले? एफएमवर दोघं एकदम बोलले तर जोरदार संदेश ऐकू येतो आणि दुबळा गुपचूप गडप होतो. एएमवर दोघं एकदम बोलले की कानात शिट्टीसारखी किंकाळी येते. शब्द कळत नाहीत, पण आणखी कुणीतरी बोलत होतं एवढं टॉवरला कळतं आणि तो पुन्हा विचारतो. उतरायला निघालेल्या दोन विमानांच्या बाबतीत हे कळणं लाखमोलाचं.

त्यामुळे बाजारात दोन-तीन हजारांना मिळणारे चिनी वॉकीटॉकी इथे कामाचे नाहीत. बाओफेंगचा लोकप्रिय यूव्ही-5आर एफएमवर बोलतो. टॉवरला त्यातून साद घालता येणार नाही. शिवाय परवान्याविना अशा संचांच्या ऑनलाइन विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत.

विमानासाठी खास बनवलेल्या संचांमध्ये दोन घराणी. एक हातात धरायचे : आयकॉमचा आयसी-ए25एन, येसूचा एफटीए-250एल. दुसरे पॅनेलमध्ये कायमचे बसवायचे : ट्रिगचा टीवाय91, बेकरचा एआर6201. हातातला संच परदेशात काहीशे डॉलरला मिळतो, पॅनेलमधल्याला त्याच्या तिप्पट-चौपट तरी पडतात, वर आयातकर वेगळा. हातातल्याच्या डब्यावर 6 वॅट लिहिलेलं असतं, पण ते शिखरमूल्य. आयकॉमच्या त्या संचाची वाहकलहर 1.8 वॅटची आहे. फसवणूक म्हणता येत नाही, फक्त मोजायची पद्धत वेगळी. दोन डब्यांवरच्या आकड्यांची तुलना करताना दोन्हीकडे एकच पद्धत वापरली आहे का, ते तेवढं बघावं.

आता खरी मेख. ती अँटेनात आहे.

या पट्ट्याच्या मध्याला लहरीची लांबी 2.35 मीटर. तिचा चौथा हिस्सा म्हणजे 59 सेंटिमीटर, आणि विमानावर उभी दिसणारी काडी साधारण तेवढीच असते. पण ती काडी म्हणजे अर्धाच अँटेना. उरलेला अर्धा तिच्या पायाशी पसरलेला धातूचा पत्रा. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं करणारे कॅप्टन अमोल यादव यांच्या व्हीटी-एनएमडीसारखं धातूचं अंग असेल, तर हा पत्रा आयताच मिळतो. कापडाच्या किंवा फायबरच्या विमानात तो नसतो आणि तिथेच लोक फसतात. महागडा संच, चकचकीत काडी, पण काडीखाली नुसतं फायबर! अशा वेळी आतल्या बाजूने तांब्याच्या पातळ पट्टीचे चार फाटे, प्रत्येकी साठेक सेंटिमीटरचे, काडीच्या पायापासून चार दिशांना चिकटवायचे आणि केबलच्या बाहेरच्या जाळीला जोडायचे. खर्च किरकोळ, फरक ऐकणाऱ्याला लगेच कळतो. ट्राइकसारख्या उघड्या सांगाड्यावर त्यापेक्षा डायपोल बरा, कारण त्याचे दोन्ही अर्धे भाग स्वतःचेच असतात.

बसवून झालं की एसडब्ल्यूआर मीटर लावा. हा मीटर संचातून निघालेल्या शक्तीपैकी किती अँटेनापासून माघारी फिरते ते दाखवतो. आकडा 2 असेल तर अकराएक टक्के परत येते, चालतं. 3 असेल तर पाव हिस्सा परत. त्याच्याही वर गेला, तर नवा रेडिओ घेण्याआधी बीएनसी कनेक्टर उघडून बघा. जाळीचा एक केस मधल्या तारेला टेकलेला सापडतो, नाहीतर डाख नीट बसलेला नसतो. हा मीटर विकत घ्यायचीही गरज नाही, कुठल्याही हॅम रेडिओवाल्याकडे असतो आणि ही मंडळी मदतीला तत्पर असतात.

अँटेनानंतर इंजिनाचा कचरा. प्रत्येक ठिणगी हा एक छोटा प्रक्षेपकच असतो, आणि तिचा तडतडाट एएमवर सरळ कानात उतरतो. तो ओळखायला स्क्वेल्च, म्हणजे संदेश नसताना खरखर दाबणारी कळ, पूर्ण उघडायची. इंजिन बंद असताना नुसती खरखर ऐकायची, मग इंजिन चालू करून पुन्हा ऐकायचं. आरपीएमबरोबर वाढणारी टकटक असेल तर ती ठिणगीची. रेझिस्टरवाले प्लग आणि जाळीदार आवरणाच्या तारा हा तिच्यावरचा इलाज. वरच्या पट्टीतली शिट्टी असेल तर ती चार्जिंगची. रेग्युलेटरपाशी फिल्टर लावायचा आणि रेडिओची जमिनीची तार थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यायची. पुष्कळ जण हा त्रास स्क्वेल्च घट्ट करून झाकतात. मग खरखर जाते आणि तिच्याबरोबर लांबचा टॉवरही.

हेडसेटवर काटकसर करू नये. उघड्या विमानात वारा माइकमध्ये शिरतो आणि समोरच्याला शब्दांऐवजी वादळ ऐकू येतं. माइक ओठांना जवळजवळ टेकलेला हवा, वर फेसाची टोपी हवी. बोलायची कळ दांड्यावर असावी आणि ती अडकत नाही ना, ते रोज बघावं. एका विमानाची कळ अडकली तर ती वारंवारता सगळ्यांसाठीच बंद पडते.

विजेची बाजू सोपी. ऐकताना संच नाममात्र वीज खातो, बोलताना दोनेक अँपिअर. इंजिन चालू करताना मात्र रेडिओ बंदच ठेवावा. स्टार्टरच्या झटक्याने व्होल्टेज खालीवर होतं आणि नाजूक भागांना ते सोसत नाही. मराठवाड्याच्या मे महिन्यात काचेखाली विसरलेल्या हातातल्या संचाची लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते, हे वेगळं सांगायला नको.

जुना संच घेण्यात कमीपणा नाही. युरोपात 1 जानेवारी 2018 पासून दोन वाहिन्यांत 8.33 किलोहर्ट्झ अंतर ठेवणारे संच बंधनकारक झाले आणि तिथले फक्त 25 किलोहर्ट्झवर चालणारे चांगले संच एका रात्रीत जुने ठरले. 25 किलोहर्ट्झच्या अंतराने या पट्ट्यात 760 वाहिन्या बसतात, आणि आपल्याकडच्या छोट्या उड्डाणाला तेवढ्या भरपूर आहेत. असा संच घेताना डिस्प्लेचे सगळे आकडे उन्हात दिसतात का, वारंवारतेचा खटका एकेक पाऊल नीट सरकतो का, आणि त्याचा मूळ जोडणी-नकाशा मिळतो का, हे तपासावं. नकाशा नसेल तर सौदा सोडून द्यावा. पंधरा पायांच्या कनेक्टरवर अंदाजाने तारा जोडण्यात संच जळतो.

माझं गणित असं : पैसे मोजके असतील तर साधा, मान्यताप्राप्त पॅनेल संच, त्याला नीट बांधलेला अँटेना, बरा हेडसेट, आणि उरलेल्यात हातातला एक संच राखीव. तोही बाहेरच्या अँटेनाला जोडता येईल असं अडॅप्टर आधीच करून ठेवावं. कारण कॉकपिटच्या आत त्याच्या रबरी शेपटीवर बोललं तर विमानाचं अंग आणि पायलटचं अंग दोन्ही आड येतात.

कागदपत्रांचा विषय खरेदीनंतर काढू नये. संच आणि विमानातलं रेडिओ स्टेशन, दोन्हींना केंद्र सरकारची मंजुरी लागते. बोलणाऱ्यालाही आरटीआर(ए) ही विमानातल्या रेडिओ-संभाषणाची परीक्षा द्यावी लागते. भारतीय वायुयान अधिनियम 2024 आल्यावर ती दूरसंचार विभागाकडून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे (डीजीसीए) आली. म्हणून विक्रेत्याला किमतीच्या आधी, या मॉडेलला भारतात मंजुरी आहे का आणि तिचा कागद मिळेल का, हे विचारावं. उत्तराला वेळ लागू लागला, तर दुसरं मॉडेल बघायला घ्यावं.