पहिल्या गोळीचा पहिला आठवडा

लग्न तोंडावर आलं की एखादी मैत्रीण कानात सांगते, "गोळी सुरू कर, म्हणजे काळजी मिटली." ती कधी सुरू करायची आणि लागू कधी पडते, हे मात्र बहुधा राहूनच जातं. पहिल्याच महिन्यात दिवस राहतात ते अनेकदा यामुळेच.

गैरसमज : पहिली गोळी घेतली की त्याच दिवसापासून संरक्षण.
वस्तुस्थिती : हे पाळीच्या तारखेवर ठरतं. रक्तस्राव सुरू झाल्यापासून पहिल्या 5 दिवसांत संयुक्त (दोन हार्मोनची) गोळी सुरू केली, तर संरक्षण लगेच मिळतं. त्यानंतर सुरू केली, तर आधी गर्भ राहिलेला नाही याची खात्री करावी आणि पुढचे 7 दिवस निरोध वापरावा. बीजांडकोशाला शांत करायला गोळीला सलग 7 दिवस लागतात.

गैरसमज : महिनाभर थांबावंच लागतं.
वस्तुस्थिती : नाही. नियमित घेतली तर आठवडा पुरतो.

गैरसमज : पाकिटातल्या सगळ्या गोळ्या सारख्याच.
वस्तुस्थिती : आशाताई देतात ते 'माला-एन'चं पाकीट हातात घेऊन पाहा. 28 गोळ्यांपैकी 21 हार्मोनच्या आणि वेगळ्या रंगाच्या 7 लोहाच्या. लोहाच्या गोळ्या चुकल्या तर गर्भ राहण्याचा धोका वाढत नाही. पण त्या संपताच दुसऱ्या दिवशी नवं पाकीट उघडायचं, पाळी चालू असली तरी. "पाळी थांबू दे, मग बघू" म्हणत दिवस घालवले, की हार्मोनचा खंड 7 दिवसांपलीकडे जातो आणि धोका तिथेच असतो.

गैरसमज : एखादी गोळी विसरली की सगळं फुकट.
वस्तुस्थिती : एक विसरली तर आठवताच घ्यावी आणि पुढची ठरल्या वेळी, मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालेल. हार्मोनच्या दोन किंवा अधिक सलग चुकल्या, तर गोळ्या चालू ठेवून 7 दिवस निरोध वापरावा. काटेकोर घेतली, तर वर्षाला हजारात सुमारे 3 जणींनाच दिवस राहतात. प्रत्यक्षात विसराविसरीमुळे हे प्रमाण शंभरात 7 ते 9 पर्यंत जातं.

गैरसमज : पूजेसाठी पाळी लांबवण्याची गोळीही तेच काम करते.
वस्तुस्थिती : ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी, काही दिवस पाळी पुढे ढकलण्यापुरती. तिच्यावर गर्भनिरोधक म्हणून विसंबू नये. संबंधानंतर 72 तासांत घ्यायची गोळीही आणीबाणीपुरतीच, दर महिन्याची नव्हे.

गैरसमज : कुठलंही औषध चालू असलं की गोळी निकामी होते.
वस्तुस्थिती : नेहमीच्या अँटिबायोटिकने सहसा फरक पडत नाही. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आणि फिट्सची काही औषधं मात्र गोळीचा असर कमी करतात. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली, तर दुसरी घ्यावी.

गैरसमज : चुकून दिवस राहिले तर बाळात व्यंग येतं.
वस्तुस्थिती : तसा पुरावा नाही. गर्भ असल्याचं कळताच गोळ्या बंद करून डॉक्टरांना भेटावं.

उच्च रक्तदाब, डोळ्यांपुढे चमक येणारी अर्धशिशी, रक्ताच्या गाठींचा त्रास, पस्तिशीनंतर धूम्रपान किंवा अंगावर पिणारं सहा महिन्यांच्या आतलं बाळ, यांपैकी काही असेल तर संयुक्त गोळी स्वतःहून सुरू करू नका. बाकीच्यांनी पाळीची तारीख लिहून ठेवा, आणि पाचवा दिवस उलटला असेल तर आठवडाभर निरोध जवळ असू द्या.