मधला माणूसही गुन्हेगार

‘पैसे मी मागितले नाहीत, फक्त पाकीट आणून दिले,’ एवढे म्हणून सुटका होत नाही. बदनामीची धमकी देऊन पैसे उकळणे ही खंडणीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ नुसार तिला ७ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या दंड संहितेत ही मर्यादा ३ वर्षे होती. समान इराद्याने सामील होणारा कलम ३(५) प्रमाणे मुख्य आरोपीइतकाच जबाबदार. धमकीची कल्पनाच नसलेला निरोप्या मात्र गुन्हेगार ठरत नाही. म्हणून दुकानदार व कारागीर बंधूंनो, दोस्तीखातर कुणाची वसुली करण्यापूर्वी विचारा: पैसे उधारीचे की भीतीचे? भीतीचे असतील तर हात लावू नका.