मान कुणाचा, अधिकार कुणाचा?

वाचकहो, आपल्या मराठी भाषेची एक गंमत पाहा. पुरुषाला पद मिळाले की त्याच्या बायकोलाही ते चिकटते. पाटलांची ती पाटलीणबाई, मामलेदारांची ती मामलेदारीणबाई. तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या अध्यक्षांची पत्नी कुणाच्या घरी आली, तर आयाबाया म्हणायच्या, "नगराध्यक्षीणबाई आल्या बरं का, पाट मांडा!" या बाईंना कुणी मत दिलेले नसे. त्यांची सही कुठल्या कागदावर चालत नसे. तरी मान मात्र मोठा. हा मान कशाचा, आणि त्याची शीव कुठे संपते, हे आज समजून घेऊ या.

बारामतीची नगरपालिका १८६५ सालची. इंदापूरचीही तितकीच जुनी. अशा गावात अध्यक्ष हा गावाचा यजमान. मग यजमानीण नको का? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पहिले कुंकू तिला. मुलींच्या शाळेत बक्षिसे वाटायला ती. आषाढीच्या वाटेवर तुकोबारायांची पालखी बारामतीला मुक्काम करून काटेवाडी, सणसरवरून इंदापूरकडे जाते. तिचे स्वागत नगराध्यक्षांनी करायचे. जोडीने पूजा असेल, तर शेजारी पत्नी हवीच. निमंत्रणपत्रिकेवर म्हणूनच छापतात, 'सपत्नीक'. आपल्याकडे पत्नी नसली तर गडी कमरेला सुपारी खोचून पूजेला बसतो, हे तुम्ही पाहिलेच असेल.

हा मान अगदीच पोकळ होता असे समजू नका. ज्या बाईला कचेरीची पायरी चढायचा धीर नव्हता, ती हळदीकुंकवाला आलेल्या अध्यक्षीणबाईंच्या कानी आपले गाऱ्हाणे घालू शके. 'आमच्या आळीत नळाला पाणी येत नाही', 'बोळात दिवा नाही', असे शब्द माजघरातून कचेरीत पोचत. पण ते मागच्या दाराने. पुढचे दार बायकांना बंदच होते.

ही रीत आपलीच आहे असेही नाही. लंडन शहरात लॉर्ड मेयरच्या पत्नीला 'लेडी मेयरेस' अशी पदवीच आहे. मेजवानीला, मिरवणुकीला ती पतीच्या शेजारी. पण १९८३ साली तिथे मेरी डोनाल्डसन नावाच्या बाई प्रथमच लॉर्ड मेयर झाल्या. तेव्हा जोडीदार म्हणून मिरवायची पाळी आली त्यांच्या यजमानांवर. ते स्वतः इंग्लंडातले फार वरच्या दर्जाचे न्यायाधीश. पण खुर्ची बाईंची होती, आणि त्यांनी मुकाट्याने शेजारची जागा घेतली.

आता कायद्याचे पाहू. महाराष्ट्राचा नगरपालिकांचा कायदा १९६५ सालचा, आणि ग्रामपंचायतींचा १९५८ सालचा. सभेचे अध्यक्षपद कुणाचे, कारभारावर देखरेख कुणाची, हे त्यांत लिहिले आहे. अध्यक्षांच्या किंवा सरपंचांच्या घरच्या माणसाला मात्र त्यांत कसलाच अधिकार नाही. म्हणजे मान लोकांनी द्यायचा आणि अधिकार कायद्याने. मान घरातल्या माणसांत वाटता येतो. अधिकार वाटता येत नाही. वतनी पाटीलकी होती तोवर मान आणि अधिकार एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत. १९६२ च्या कायद्याने ती पाटीलकी गेली. आता खुर्ची निवडून आलेल्याची, आणि तीही मुदतीपुरती.

बायकांनी स्वतः खुर्चीवर बसावे, हे या मुलखाला नवे नाही. बारामतीच्या पवार घराण्यातल्या शारदाबाई १९३८ साली पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. यजमान गोविंदराव सहकारी खरेदी-विक्री संघात नोकरीला. म्हणजे शारदाबाई कुणा पदाधिकाऱ्याची पत्नी म्हणून मानाने गेल्या नाहीत, तर सभासद म्हणून हक्काने गेल्या. त्यांचे चिरंजीव शरद पवार यांचा जन्म १२ डिसेंबर १९४० चा. तीन दिवसांचे बाळ असतानाच आई आपल्याला घेऊन बोर्डाच्या सभेला गेली, असे ते सांगत आले आहेत. बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही असा तो काळ, ध्यानात घ्या!

पुढे १९५६ साली सुलोचना मोदी या मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. पण अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी. खरा फरक पडला तो १९९३ पासून. घटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने गावच्या आणि शहरच्या कारभारात स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखल्या गेल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. आणि २०१६ सालच्या निवडणुकीत बारामतीला पौर्णिमा तावरे आणि इंदापूरला अंकिता शहा, अशा दोन्ही शेजारगावी एकाच वेळी महिला नगराध्यक्ष निवडून आल्या. जिथे 'नगराध्यक्षीणबाई' पाटावर बसत, तिथे 'नगराध्यक्षा' सभेच्या अध्यक्षस्थानी बसल्या.

पण मंडळी, जुनी खोड अशी सहजासहजी जात नाही. पूर्वी नवऱ्याच्या पदाचा मान बायकोला मिळे. आता उलटे झाले. बाई सरपंच होते, आणि कारभार हाकतो नवरा. लोकांनी त्याला नावही ठेवले, 'सरपंचपती'! पूर्वीच्या अध्यक्षीणबाई निदान फक्त कुंकू लावून घेत, बक्षिसे वाटत. त्या कधी अध्यक्षांच्या खुर्चीवर बसल्या नाहीत, की त्यांच्या जागी सही केली नाही. सरपंचपती मात्र खुर्चीही घेतो आणि शब्दही घेतो. हा रोग देशभर इतका पसरला, की केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाला २०२३ साली त्यासाठी समिती नेमावी लागली.

यावर औषध मोठे नाही, आणि ते तुमच्याआमच्या हातात आहे. शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेच्या समारंभाला सरपंचबाईंना बोलवाल, तेव्हा निमंत्रण त्यांच्या नावाने द्या. हार त्यांच्याच हाती द्या, आणि चार शब्द त्यांनाच बोलू द्या. अडखळल्या तरी चालेल. पहिल्यांदा बोलताना कोण अडखळत नाही? यजमान बरोबर आले तर त्यांना अवश्य बसवा, चहा द्या, मान द्या. जागा मात्र शेजारची. आणि शेतकरी बंधूंनो, ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी असा नियम आहे. त्या दिवशी घरातल्या बाईला रानातल्या कामाला जुंपू नका. तिचे पाण्याचे गाऱ्हाणे आता माजघरातून कुणाच्या कानी घालायचे कारण उरलेले नाही.

'मास्तरीण' हा शब्द एकेकाळी मास्तरांच्या बायकोचा होता. मुली शिकल्या, वर्गावर उभ्या राहिल्या, आणि आज मास्तरीण म्हटले की शिकवणारी बाईच डोळ्यांपुढे येते. शब्द तोच राहिला. बाईने काम करून त्याचा अर्थ बदलला. सरपंचबाईंच्या बाबतीतही तसेच होईल, त्यांच्या खुर्चीवर त्यांना बसू दिले तर.