सर्जनशील विचाराला गुण द्यायचे कसे?



दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा प्रश्न असतो. मुलाने उतारा वाचावा आणि आपल्याला काय वाटतं ते लिहावं, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगलीच आहे. पण बाजारातलं एखादं गाईड उघडून पाहा, त्यात स्वमतही छापलेलं मिळतं. म्हणजे मत विद्यार्थ्याचं, लिहिलेलं दुसऱ्याने, आणि पाठ करायला लावलं तिसऱ्याने! आपण हसतो खरे, पण प्रश्न गंभीर आहे. सर्जनशील विचार मोजायला जावं आणि मोजण्यानेच तो मरावा, असं होत असेल तर मोजूच नये का?

आमचं म्हणणं असं की मूल्यमापन करावं, पण आपण नेमकं काय तपासतो आहोत ते आधी ठरवावं.

या विषयाच्या आधुनिक अभ्यासाला जोर आला तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या १९५० सालच्या भाषणापासून. त्यांनी विचाराच्या दोन तऱ्हा वेगळ्या केल्या. एक, एकाच बरोबर उत्तराकडे जाणारा विचार. दुसरा, अनेक दिशांना पसरणारा विचार. पुढे टॉरन्स यांनी १९६६मध्ये या दुसऱ्या विचारासाठी चाचण्या तयार केल्या. त्यात चार गोष्टी पाहतात: किती कल्पना सुचल्या, त्या किती वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत, किती अनोख्या आहेत, आणि किती तपशिलाने मांडल्या आहेत.

आपण सोलापूरचे, तेव्हा उदाहरण चादरीचं घेऊ. समजा, वर्गात विचारलं, ‘पांघरण्याखेरीज चादरीचे उपयोग सांगा.’ एक मुलगा म्हणतो: खाटेवर अंथरू, जमिनीवर अंथरू, गच्चीवर अंथरू, बैलगाडीत अंथरू. उत्तरं चार, प्रकार एकच. दुसरी मुलगी म्हणते: जखमी माणसाला उचलायला झोळी करू, नाटकाचा पडदा करू, चिंचा पाडताना खाली चौघांनी धरू. उत्तरं तीन, पण प्रकारही तीन. नुसती संख्या मोजली तर पहिला मुलगा पुढे जातो. म्हणून एकच आकडा देऊन भागत नाही.

आता अडचण पाहा. चिंचांचं उत्तर शहरातल्या परीक्षकाला अनोखं वाटेल. खेड्यातल्या मुलीला ती रोजची गोष्ट असेल. नवेपणा हा कुणासाठी तरी नवेपणा असतो. मग तो ओळखणार कोण? लांब बसलेला परीक्षक की त्या मुलीला वर्षभर पाहिलेले तिचे शिक्षक? आमच्या मते शिक्षकच.

आंतरराष्ट्रीय पातळीवर ‘पिसा’ या परीक्षेने २०२२मध्ये पंधरा वर्षांच्या मुलांचा सर्जनशील विचार तपासला. त्याचे निकाल २०२४मध्ये आले, सिंगापूर सर्वांत पुढे होतं. भारत त्यात नव्हता. आपल्या कामाची गोष्ट अशी की त्यात कल्पना सुचण्याबरोबर दुसऱ्याची कल्पना पारखून सुधारणं हेही तपासलं होतं. सुचणं हा अर्धा भाग, निवडणं आणि घडवणं हा उरलेला अर्धा. आपल्या वर्गात या उरलेल्या अर्ध्याला जागाच नसते, कारण उत्तर एकदाच लिहायचं असतं.

आता कुणी म्हणेल, प्रतिभा जन्मजात असते, ती शिकवणार कशी? अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याच्या निर्मितीमागे तीन गोष्टी सांगितल्या: जन्मजात शक्ती, लोकव्यवहार आणि ग्रंथ पाहून आलेली निपुणता, आणि जाणकारांच्या मार्गदर्शनाखाली केलेला अभ्यास. ही तीन वेगवेगळी कारणं नव्हेत, तिन्ही मिळून एकच कारण, असं तो बजावतो. यातली शक्ती शाळेच्या हातात नाही. उरलेल्या दोन पूर्णपणे आहेत.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यांचं नाव झालं ते पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्यामुळे. हा कोड मुळात जपानमध्ये १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तयार झाला होता. कारखान्यातली वस्तू मुलांच्या पुस्तकात आणून बसवणं, यात सर्जनशीलता आहे. ती काही शून्यातून आली नाही. वस्तूची माहिती होती आणि मुलांची गरजही ठाऊक होती, म्हणून दोन्हींची सांगड घालता आली.

मग वर्गात काय करावं? तीनच गोष्टी सांगतो.

पहिली, एका प्रश्नाला सहा उत्तरं लिहायला सांगा. पहिली दोन-तीन बहुधा सगळ्यांची सारखीच निघतात. खरा विचार त्यानंतर सुरू होतो.

दुसरी, गुणांआधी शेरा द्या आणि त्याच उत्तराचा दुसरा खर्डा लिहून घ्या. तुलना शेजारच्या मुलाशी करू नका, त्याच मुलाच्या पहिल्या खर्ड्याशी करा.

तिसरी, ‘हे तुला कसं सुचलं?’ असं विचारा. पाठ करून लिहिणारा इथे अडखळतो, विचार करणारा खुलतो. आणि स्वमताचा प्रश्न मुलाच्या गल्लीशी, घराशी, शेताशी जोडा. त्याचं उत्तर गाईडमध्ये छापता येत नाही.

यात वेळ जातो, हे आम्हांला ठाऊक आहे. साठ मुलांच्या वर्गात हे रोज जमणार नाही. पंधरवड्यातून एक तास तरी काढा. आणि तोवर छापील स्वमत लिहिणाऱ्या मुलाला दोष देऊ नका. आपण त्याच्याकडे जे मागतो, तेच तो आणून देतो.