माणदेशातील महिलांची बँक आणि संगणकातील नोंद

एखाद्या बँकेने एका कारखान्यास एक कोटी रुपये कर्ज दिले, तर तिला एकच खाते सांभाळावे लागते. तेच एक कोटी प्रत्येकी वीस हजारांप्रमाणे वाटले तर कर्जदार होतात ५००, आणि वर्षभर साप्ताहिक हप्ता घ्यावयाचा म्हटल्यास नोंदी होतात २६,०००. सूक्ष्म वित्तपुरवठा करणाऱ्या संस्थांची खरी अडचण येथे आहे. रक्कम लहान असली तरी हिशेब लहान होत नाही. कोणाचा हप्ता आला, कोणाचा राहिला, व्याज किती झाले, हे सर्व वेळच्या वेळी एकत्र दाखविणाऱ्या व्यवस्थेस व्यवस्थापन माहिती प्रणाली असे म्हणतात. परंतु ही प्रणाली केवळ व्यवस्थापकाच्या सोयीची वस्तू नाही. पैसे ज्या भगिनीचे आहेत, तिचाही तिच्यावर तितकाच हक्क आहे.

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, म्हसवड येथे, याचे उत्तम उदाहरण पाहावयास मिळते. श्रीमती चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने तेथील महिलांनी बँक काढण्याचे ठरविले, तेव्हा प्रवर्तक महिलांना लिहिता-वाचता येत नाही या कारणास्तव रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला. त्या महिला साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. कोणत्याही मुद्दलावरील व्याज आम्हांस विचारा, आम्ही तोंडी सांगतो, असे आव्हानच त्यांनी दिले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हिशेब त्यांना येतच होता, येत नव्हते ते फक्त अक्षर. कोणतीही संगणकप्रणाली आखणाऱ्याने हा भेद लक्षात ठेवावयास हवा.

पुढे बँकेचे कर्मचारी बाजारात व दारापर्यंत जाऊन बचत गोळा करू लागले. त्यातून एक नवाच प्रश्न उभा राहिला. पासबुक घरात असले की शिल्लक घरच्यांना कळते, आणि कष्टाची बचत मागितली जाते. म्हणून महिलांनी पासबुकाऐवजी कार्ड मागितले. गुप्त क्रमांकाविषयीही त्यांचे मत स्पष्ट होते : क्रमांक चोरता येतो, अंगठा चोरता येत नाही. तंत्रज्ञ मंडळींना सुचावयास हवी होती ती गोष्ट ग्राहक महिलांना आधी सुचली!

माणदेशाची सीमा साताऱ्यात संपत नाही. सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत हे तालुकेही तसेच अवर्षणग्रस्त. मेंढपाळ चाऱ्यासाठी फिरतात, ऊसतोडीला कुटुंबे जातात, विट्याकडील गलाई कामगार तर सोन्याचांदीच्या कामासाठी देशभर पसरलेले आहेत. अशा कुटुंबाचे खाते एकाच शाखेच्या वहीत अडकून पडले तर हप्ता भरण्याची इच्छा असूनही तो थकतो. सर्व शाखा एकाच प्रणालीने जोडलेल्या असल्या की खाते माणसाबरोबर प्रवास करू शकते.

आता व्याजाकडे वळू, कारण फसगत बहुधा येथेच होते. वीस हजारांचे कर्ज, बारा टक्के दर, बारा मासिक हप्ते. मूळ रकमेवर वर्षभर सरसकट आकारणी केली तर व्याज होते २,४०० रुपये. दरमहा उरलेल्या शिलकीवरच आकारले, तर ते सुमारे १,३२४ रुपये भरते. दर तोच सांगितला, पण बोजा जवळजवळ दुप्पट! म्हणूनच १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, कर्जाच्या एकूण खर्चाची माहिती कर्जदारास समजणाऱ्या भाषेत देणे संस्थांना बंधनकारक आहे. ती मागून घेण्यात संकोच कसला?

थकबाकी मोजण्याची रीतही जाणून घ्यावी. एक हप्ता तीस दिवसांहून अधिक राहिला, तर चांगली प्रणाली केवळ तो हप्ता नव्हे, तर त्या कर्जाची संपूर्ण शिल्लक जोखमीत धरते. संकट त्यामुळे लवकर दिसते. मात्र संगणक खोटे लिहीत नाही हा समज भाबडा आहे. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा मोजक्या मोठ्या थकीत कर्जखात्यांना झाकण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखविल्याचा आरोप पोलीस तक्रारीत करण्यात आला. हजारो छोट्या कर्जदारांच्या गर्दीत मोठे कर्ज लपविता येते, हे त्यातील भयंकर सत्य. यावर संगणकाबाहेरचीच तपासणी हवी. लेखापरीक्षकाने काही खातेदारांच्या घरी जाऊन त्यांच्या हातातील पावती व पडद्यावरील शिल्लक ताडून पाहावी.

बचतगटांच्या वह्याही आता संगणकात जात आहेत. नाबार्डने २०१५ मध्ये ई-शक्ती उपक्रमाचा प्रारंभ केला, तेव्हा झारखंडमधील रामगढबरोबर आपला धुळे जिल्हा निवडला होता. गटाच्या सचिव भगिनीने एक आकडा चुकविला तर पूर्वी तो पुढच्या बैठकीत दुरुस्त होई. आता तो बँकेपर्यंत पोहोचतो. वैयक्तिक कर्जाची माहिती तर १ जानेवारी २०२५ पासून दर पंधरवड्यास पतमाहिती कंपन्यांकडे पाठविली जाऊ लागली. भरलेला हप्ता नोंदविलाच गेला नाही, तर प्रामाणिक कर्जदारही थकबाकीदार ठरून पुढील कर्जास मुकतो.

अशी चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. पतमाहितीचा संपूर्ण अहवाल प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी हप्त्याच्या पावत्या, कर्ज फिटल्यानंतरही, जपून ठेवाव्यात.