कात्रीचे हात, हातातला दगड

टिम बर्टनचा १९९० चा ‘एडवर्ड सिझरहँड्स’ पाहिलाय? हातांच्या जागी कात्र्या, पण मनाने एकदम हळवा जॉनी डेप! आधी सगळी कॉलनी त्याच्याकडून हौसेने केस कापून घेते, मग तीच त्याला हाकलते.

असाच एक एडवर्ड आपल्या नगरकडेही आहे. १४ फेब्रुवारी २०१४ ला, ऐन व्हॅलेंटाइन डेला आलेल्या नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’तला अकोळनेरचा जब्या. शालूवर राख टाकली की ती वश होणार, म्हणून हा काळी चिमणी शोधत रानोमाळ हिंडतो.

फरक एवढाच, की एडवर्डला परकं ठरवायला कात्र्या लागल्या. जब्याला नुसती जात पुरली. एडवर्ड शेवटी वाड्यात एकटा राहतो. जब्या दगड भिरकावतो, थेट कॅमेऱ्याकडे. म्हणजे आपल्याकडेच!

या वीकेंडला दोन्ही पाहाच, पाठोपाठ.